व्यायाम आणि पुरुषांचे अस्थिआरोग्य

व्यायाम आणि पुरुषांचे अस्थिआरोग्य या विषयात शारीरिक हालचालींचा पुरुषाच्या हाडांची घनता, आकार, अंतर्गत रचना व बळकटी यांवर होणारा परिणाम अभ्यासला जातो. हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यावर पडणाऱ्या भारानुसार ती घडते, जाड होते किंवा झिजते. त्यामुळे बालपणापासून वार्धक्यापर्यंत पुरुष कोणत्या प्रकारची हालचाल करतो, यावर त्याच्या हाडांचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे सच्छिद्र व ठिसूळ होण्याचा विकार, हा स्त्रियांचा आजार आहे अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात जगभरात पन्नाशीपुढील दर पाच पुरुषांपैकी सुमारे एकाला उर्वरित आयुष्यात ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो, असा अंदाज आहे. स्त्रियांत हे प्रमाण तिघींपैकी एक असे आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतरच्या वर्षभरात मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण मात्र स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक असते.

हाडाची जडणघडण

हाडात तीन प्रकारच्या पेशी प्रामुख्याने काम करतात. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवून काढून टाकतात, अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड घालतात आणि हाडाच्या आत कोंडलेल्या अस्थिपेशी या दोन्हींवर देखरेख ठेवतात. एखाद्या ठिकाणचे जुने हाड काढण्यास साधारण तीन आठवडे लागतात, तर ती जागा नव्या हाडाने भरून निघण्यास तीन ते चार महिने लागतात. तोडणे जलद आणि बांधणे सावकाश असा हा व्यवहार असल्याने, व्यायामाचा हाडावरील परिणाम स्नायूंप्रमाणे काही आठवड्यांत दिसत नाही. तो मोजण्यासाठी किमान सहा महिने, बहुधा वर्षभर थांबावे लागते.

हाडावर भार पडला की ते अतिशय सूक्ष्म प्रमाणात वाकते. या वाकण्यामुळे हाडातील बारीक नलिकांमधला द्रव हलतो आणि त्या हालचालीची जाणीव अस्थिपेशींना होते. भार नेहमीपेक्षा अधिक असेल तर नवे हाड घालण्याचा संदेश जातो. भार नाहीसा झाला तर अस्थिभंजक पेशींना मोकळीक मिळते. हाडाची रचना त्यावरील भाराप्रमाणे बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. अमेरिकी अस्थितज्ज्ञ हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ मध्ये त्याला पुढचे रूप दिले. खोलीचे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राप्रमाणे हाडही स्वतःवरील ताण ठरावीक मर्यादेत ठेवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या तत्त्वाची उलट बाजू अंतराळवीरांमध्ये दिसते. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या किंवा प्लास्टरमध्ये ठेवलेल्या पायाच्या बाबतीतही कमीअधिक प्रमाणात हेच घडते.

पुरुषांच्या हाडांचे वेगळेपण

वयात येईपर्यंत मुलामुलींच्या हाडांत फार फरक नसतो. वयात येताना मुलांची उंची अधिक काळ वाढत राहते आणि त्यांच्या लांब हाडांच्या बाहेरील पृष्ठावर अधिक थर चढतात. परिणामी पुरुषाचे हाड स्त्रीच्या हाडापेक्षा रुंद होते. नळी जितकी रुंद तितकी ती वाकवणे कठीण, या साध्या यांत्रिक नियमाने पुरुषाच्या हाडाला जास्तीचे बळ मिळते. शिवाय पुरुषांत रजोनिवृत्तीसारखा एकाएकी येणारा टप्पा नसल्याने हाडांची झीज संथ गतीने होते. अस्थिभंगाचे प्रमाण वाढण्याचा काळ पुरुषांत स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षे उशिरा येतो तो यामुळेच.

पुरुषाची हाडे टेस्टोस्टेरोन या संप्रेरकामुळे टिकतात, हे विधान अर्धेच खरे आहे. शरीरात टेस्टोस्टेरोनचा काही भाग एस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो आणि पुरुषाची हाडे पक्व होण्यास व टिकण्यास हे एस्ट्रोजेन अत्यावश्यक असते. १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. एस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी यंत्रणाच त्याच्या शरीरात सदोष होती. टेस्टोस्टेरोनची पातळी सामान्य असूनही त्याची हाडे सच्छिद्र झाली होती आणि त्या वयातही त्याची उंची वाढतच होती. या एका रुग्णामुळे पुरुषांच्या अस्थिविज्ञानाची दिशा बदलली.

पुरुषांतील अस्थिसुषिरतेच्या अनेक प्रकरणांत दुसरे एखादे कारण सापडते. दमा, संधिवात किंवा त्वचाविकारांसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, मद्यपान, तंबाखू व धूम्रपान, टेस्टोस्टेरोनची कमतरता, मूत्रपिंडाचे व यकृताचे विकार ही त्यांतील प्रमुख होत. व्यायाम या कारणांची भरपाई करू शकत नाही. कारण शोधून त्यावर उपचार होणे आवश्यक असते.

भाराचे स्वरूप आणि हाडाचा प्रतिसाद

कोणता भार हाड घडवतो याविषयीचे मूलभूत ज्ञान प्राण्यांवरील प्रयोगांतून आले. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनियन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पक्ष्याच्या पंखातील हाडावर रोज ठरावीक वेळा भार दिला. दिवसाकाठी केवळ ३६ वेळा दिलेल्या भारानेही हाड पुरेसे वाढले. तोच भार १,८०० वेळा दिल्याने त्याहून अधिक लाभ झाला नाही. पुनरावृत्तीची संख्या एका मर्यादेनंतर निरर्थक ठरते, हा त्याचा अर्थ. पुढील संशोधनातून आणखी काही गोष्टी स्पष्ट झाल्या. स्थिर भाराला हाड जवळजवळ प्रतिसाद देत नाही, त्यासाठी बदलता भार लागतो. भार जितक्या वेगाने येतो तितका परिणाम मोठा होतो. नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेने आलेला भार अधिक प्रभावी असतो. सलग भाराने अस्थिपेशींची संवेदनक्षमता मंदावते आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर ती परत येते. म्हणूनच एका बैठकीत शंभर उड्या मारण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पन्नास-पन्नास उड्या मारणे हाडाच्या दृष्टीने अधिक फलदायी मानले जाते.

व्यायामाचा परिणाम स्थानिक असतो, ही गोष्ट व्यवहारात वारंवार विसरली जाते. ज्या हाडावर भार पडतो तेच हाड बळकट होते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची तुलना करण्यात आली. पुरुष खेळाडूंच्या खेळण्याच्या हाताच्या दंडातील हाडाचे कवच दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जाड आढळले. व्यक्ती, आहार व संप्रेरके तीच असल्याने हा फरक केवळ भारामुळे निर्माण झाला, असे निःशंकपणे म्हणता येते.

वयानुसार परिणाम

आयुष्यातील सर्वाधिक अस्थिवस्तुमान साधारणपणे तिशीच्या आत गाठले जाते. वयात येण्याच्या आगेमागे असलेली काही वर्षे यासाठी सर्वांत मोलाची असतात. या काळात केलेल्या व्यायामाने हाडाची केवळ घनताच वाढते असे नव्हे, तर त्याचा घेरही वाढतो. प्रौढपणी मात्र घेरात लक्षणीय वाढ होत नाही.

तारुण्यातील व्यायाम सोडून दिल्यावर काय उरते, या प्रश्नाचे उत्तर स्ट्युअर्ट वॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली बेसबॉल खेळाडूंवरील अभ्यासातून दिले. चेंडू फेकणाऱ्या हाताच्या दंडातील हाडाची दुसऱ्या हाताशी तुलना करून, खेळ सोडून अनेक दशके लोटलेल्या पुरुषांचीही तपासणी करण्यात आली. तारुण्यात मिळवलेल्या हाडाच्या आकारातील वाढीपैकी सुमारे निम्मी आणि बळकटीतील वाढीपैकी सुमारे एकतृतीयांश वाढ आयुष्यभर टिकल्याचे दिसून आले. ज्यांनी पुढेही काही प्रमाणात फेक चालू ठेवली त्यांच्यात लाभ अधिक टिकला.

उतारवयात व्यायामाने हाड नव्याने फारसे वाढत नाही. झीज थांबवणे किंवा एक-दोन टक्के भर घालणे एवढीच अपेक्षा वाजवी ठरते. ऑस्ट्रेलियात ५० ते ७९ वर्षे वयाच्या १८० पुरुषांवर १८ महिने केलेल्या अभ्यासात वजनाचे व उड्यांचे व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची घनता इतरांच्या तुलनेत सुमारे दोन टक्क्यांनी अधिक राहिली. त्याच अभ्यासात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मिसळलेले दूध देऊनही त्यातून वेगळा लाभ आढळला नाही. या पुरुषांचा मूळ आहार पुरेसा होता, हे त्यामागील संभाव्य कारण आहे. त्यामुळे हा निष्कर्ष कॅल्शियमची तूट असलेल्या लोकसमूहाला जसाच्या तसा लावता येत नाही. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात ६५ ते ८० वर्षांच्या पुरुषांनी वर्षभर रोज एकाच पायावर पन्नास उड्या मारल्या. उड्या मारलेल्या पायाच्या खुब्यातील हाड न मारलेल्या पायाच्या तुलनेत सुधारलेले आढळले. व्यायाम न केलेला पाय हाच येथे तुलनेचा आधार असल्याने हा प्रयोग विशेष मोलाचा ठरतो.

घनतेतील एक-दोन टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु प्रत्यक्ष अस्थिभंगाची आकडेवारी वेगळे चित्र दाखवते. स्वीडनमधील उप्साला येथे ४९ ते ५१ वर्षे वयाच्या २,२०५ पुरुषांचा ३५ वर्षे मागोवा घेण्यात आला. नियमित खेळ वा कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ८.४ टक्क्यांना, तर बैठी जीवनशैली असलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांना या काळात खुब्याचा अस्थिभंग झाला. अर्थात हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, आणि जे मुळातच सुदृढ असतात तेच अधिक व्यायाम करतात ही शक्यता त्यात पूर्णपणे वगळता येत नाही. हा लाभ केवळ हाडांमुळे होत नाही. स्नायूंचे बळ आणि शरीराचा तोल टिकल्याने माणूस मुळात कमी वेळा पडतो, आणि खुब्याचे बहुतेक अस्थिभंग पडल्यामुळेच होतात.

व्यायामप्रकारांची तुलना

हाडांच्या दृष्टीने सर्वाधिक उपयुक्त व्यायाम दोन प्रकारचे आहेत: वजन उचलण्याचे आणि जमिनीचा आघात देणारे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात हाडे विरळ झालेल्या मध्यमवयीन व वृद्ध पुरुषांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनाचे व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली देण्यात आले. त्यात जमिनीवरून वजन उचलणे, खांद्यावर वजन घेऊन बैठका मारणे, डोक्यावर वजन ढकलणे आणि आडव्या दांडीवरून उडी घेऊन उतरणे यांचा समावेश होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कंबरेच्या मणक्यांत व खुब्यात सुधारणा दिसली. असे व्यायाम देखरेखीशिवाय सुरू करणे मात्र धोक्याचे असते.

चालणे हा हृदयासाठी उत्तम व्यायाम असला तरी केवळ चालण्याने हाडाची घनता वाढल्याचा पुरावा क्षीण आहे. नेहमी चालणाऱ्या माणसाच्या हाडाला तो भार ओळखीचाच असतो. पोहण्यात शरीराचे वजन पाणी तोलते, त्यामुळे हाडावरील भार कमी राहतो. सायकलस्वारांची स्थिती याहून लक्षवेधी आहे. वर्षानुवर्षे रस्त्यावरील सायकल शर्यतींचा सराव करणाऱ्या पुरुषांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता समवयस्कांपेक्षा कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हृदय व फुप्फुसे उत्कृष्ट असलेल्या माणसाची हाडे विरळ असू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय. सायकल किंवा पोहणे सोडण्याची गरज नसते, त्यांना वजनाच्या व्यायामाची जोड द्यावी लागते.

योगासनांचा तोल, लवचीकता व स्नायूंचे नियंत्रण यांवर चांगला परिणाम होतो. हाडांची घनता वाढवण्याबाबतचा पुरावा मात्र अद्याप मर्यादित आहे. मणके आधीच ठिसूळ झालेल्या व्यक्तींनी कंबरेतून खोल पुढे वाकणारी आसने व पोटाचे तत्सम व्यायाम टाळावेत, असा सल्ला दिला जातो. अशा व्यायामांनी मणक्यांचे अस्थिभंग वाढल्याचे रजोनिवृत्त स्त्रियांवरील एका जुन्या अभ्यासात दिसले होते, आणि यांत्रिक कारण तेच असल्याने पुरुषांसाठीही ही सावधगिरी योग्य मानली जाते.

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरा

महाराष्ट्रातील तालमींमध्ये घडणारा व्यायाम आधुनिक अस्थिविज्ञानाच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे. जोर मारताना मनगट, कोपर व दंड यांवर शरीराचा भार येतो. बैठकांमध्ये खुबा, मांडी व गुडघा यांवर तो येतो. मुद्गल व करेला फिरवताना खांद्याच्या भागावर बदलत्या दिशेने ताण पडतो. प्रत्यक्ष कुस्तीत उचलणे, आपटणे, ढकलणे व पेलणे यांमुळे कणा व खुबा यांवर अनपेक्षित दिशांनी मोठा भार येतो. कुस्ती व ज्यूदो खेळणाऱ्या पुरुषांची अस्थिघनता इतरांपेक्षा अधिक असते, हे विविध देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी प्रचारात आणलेल्या मल्लखांबात हातांवर व खांद्यांवर शरीर तोलले जाते. माणसाच्या हातांना एरवी असा भार क्वचितच मिळतो. लेझीम, खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या या खेळांत एकाएकी थांबणे, वळणे व झेपावणे असते. हाडाला ज्या वेगवान व बदलत्या दिशेच्या भाराची आवश्यकता असते, तो या देशी खेळांतून कोणत्याही खर्चाविना मिळतो. शाळेच्या मैदानावरील खो-खोचा तास हा अस्थिआरोग्याचाही तास असतो, असे म्हणण्यास आधार आहे.

या परंपरेची शास्त्रशुद्ध नोंद करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. बडोदा येथून दत्तात्रय चिंतामण (आबासाहेब) मुजुमदार यांच्या संपादनाखाली व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध झाले. खानदेशाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आलेले योगसंशोधक, अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात होते. त्यापूर्वी त्यांनी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामविद्येचे शिक्षण घेतले होते. १९२४ साली त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावरील परिणाम यंत्रांच्या साहाय्याने मोजण्यास प्रारंभ केला. त्या काळी जिवंत माणसाच्या हाडाची घनता मोजण्याचे साधन नव्हते, त्यामुळे त्यांच्या संशोधनात श्वसन, रक्तदाब व पोटातील दाब यांनाच महत्त्व मिळाले.

जळगाव जिल्ह्यात कुस्तीची परंपरा आजही जिवंत आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब पटकावला. कुस्तीतील एक प्रथा मात्र हाडांना मारक आहे. वजनगटात बसण्यासाठी काही मल्ल स्पर्धेपूर्वी उपाशी राहून व पाणी तोडून वजन उतरवतात. वारंवार असे केल्यास टेस्टोस्टेरोन घटते आणि हाड घालण्याची क्रिया मंदावते. खर्चाच्या मानाने आहारातील ऊर्जा अपुरी पडल्याने होणाऱ्या या विकारसमूहाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली स्वतंत्र नाव दिले आणि तो केवळ महिला खेळाडूंपुरता मर्यादित नसल्याचे स्पष्ट केले.

खानदेशातील श्रम आणि हाडे

जळगाव व धुळे जिल्ह्यांत पुरुषांचा मोठा वर्ग अंगमेहनतीवर जगतो. रावेर व यावल भागांत केळीचे घड बागेतून खांद्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणले जातात. जळगावच्या डाळ गिरण्यांत व बाजार समित्यांत हमाल पाठीवर पोती वाहतात. साक्री, चाळीसगाव व सातपुड्याच्या पायथ्याकडील गावांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि तेथे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन वाहनात चढवतात. अशा माणसाला व्यायामाची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे.

त्याचे उत्तर भाराच्या स्वरूपात आहे. श्रमाने हाडाला भार मिळतो हे खरे, परंतु तो बहुधा एकाच दिशेचा, एकसुरी आणि तासन्‌तास चालणारा असतो. हाडाला हवी असते थोडी पुनरावृत्ती, बदलती दिशा आणि मध्ये विश्रांती. श्रमात ही तिन्ही मिळत नाहीत. त्याऐवजी मणक्यांमधील चकत्यांची झीज, गुडघेदुखी व खांद्याचे विकार पदरी पडतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचवली होती. याखेरीज श्रमिक कुटुंबातील मुलाच्या वाढीच्या वयात आहारात प्रथिने व कॅल्शियम तोकडे असल्यास, पुढे कितीही भार मिळाला तरी पाया कच्चा राहतो. श्रम आणि व्यायाम यांना समानार्थी मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

दुसरीकडे श्रमाचे स्वरूपही बदलले आहे. ट्रॅक्टरने नांगरणी, ठिबक सिंचनाने पाणी देणे आणि दुचाकीने शेतात जाणे यांमुळे शेतकऱ्याची पायपीट घटली आहे. धुळ्यातील यंत्रमाग कामगार दिवसभर उभा असतो, पण उभे राहणे हा स्थिर भार आहे आणि हाड त्याला फारसा प्रतिसाद देत नाही. शिवाय हे काम छपराखाली चालत असल्याने ऊनही मिळत नाही.

आहार आणि ऊन

हाड बांधण्याचा आदेश व्यायामाने मिळतो, पण माल आहारातून यावा लागतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ भारतीय पुरुषासाठी कॅल्शियमची दैनंदिन शिफारस १,००० मिलिग्रॅम अशी केली. खानदेशी जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, उडदाच्या मिश्रणाची कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी असे पदार्थ असतात. ज्वारी व बाजरीत १०० ग्रॅममागे कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या आतबाहेरच असते. नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, परंतु खानदेशाच्या सपाट भागात नाचणी नित्य खाल्ली जात नाही. तिळात कॅल्शियम विपुल असते आणि १० ग्रॅम तिळातून सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळू शकते, जरी त्यातील ऑक्झलेटमुळे शोषण पूर्ण होत नाही. दूध, दही, ताक हे अधिक भरवशाचे स्रोत होत. जळगावची केळी ऊर्जा व पोटॅशियम यांसाठी उत्तम आहेत. कॅल्शियम मात्र त्यांत १०० ग्रॅममागे १० मिलिग्रॅमही नसते.

कॅल्शियम शोषले जाण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व प्रामुख्याने उन्हामुळे त्वचेत तयार होते. खानदेश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे वर्षभर पुरेसे ऊन असते. तरीही भारतात या जीवनसत्त्वाची कमतरता सर्वदूर आढळते. दिल्लीतील निरोगी व्यक्तींवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रथम ठळकपणे पुढे आले. त्यात उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी घरात वा रुग्णालयात काम करणाऱ्यांपेक्षा चांगली होती. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळचेच ऊन यासाठी उपयोगी पडते. जळगाव, भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि तेव्हा दुपारी उघड्यावर व्यायाम करणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे येथे व्यायाम पहाटे आणि ऊन सकाळी उशिरा थोडा वेळ, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

सिकलसेल असलेल्या पुरुषांचा प्रश्न

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत आणि साक्री तालुक्यात भिल्ल, पावरा व कोकणा समाजाची मोठी वस्ती आहे. या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्यास ते हाड मृत होऊन खचते. ऐन तारुण्यात खुबा निकामी होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. मणक्यांचा आकारही बदलतो आणि अस्थिघनता घटते.

अशा रुग्णांना व्यायाम सर्वस्वी वर्ज्य नसतो. मध्यम श्रमाचा व्यायाम, मधून मधून विश्रांती आणि भरपूर पाणी ही पथ्ये पाळल्यास तो लाभदायक ठरतो. उन्हात धावणे, दमछाक होईपर्यंत श्रम करणे व तहानलेले राहणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. तरुणाला जांघेत सतत दुखत असेल किंवा तो लंगडत असेल, तर उड्या व जड वजनाचे व्यायाम थांबवून प्रथम खुब्याची तपासणी व्हावी लागते. दुखणे अंगमेहनतीचे समजून अंगावर काढले तर हाड वाचवण्याची संधी निघून जाते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्यात आदिवासीबहुल भागांतील रक्ततपासणीवर भर आहे.

अतिरेक आणि ताण-अस्थिभंग

हाडावर एकाएकी वाढलेला भार त्याच्या दुरुस्तीच्या वेगापेक्षा अधिक झाला, तर हाडाला बारीक तडा जातो. लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांतील या विकाराचे वर्णन प्रशियन लष्करातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ सालीच केले होते. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांत तो आजही संभवतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी १,६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक या चाचण्या असतात. जाहिरात निघाल्यावर अचानक सराव सुरू करणे, डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी किंवा अनवाणी धावणे आणि एका महिन्यात अंतर दुप्पट-तिप्पट करणे ही नडगीच्या हाडाला तडा जाण्याची नेहमीची कारणे आहेत. जुने हाड काढण्याचे काम तीन आठवड्यांत होते आणि नवे भरण्यास महिने लागतात, या आधी सांगितलेल्या तफावतीमुळे सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हाड सर्वांत नाजूक असते. नडगीवर बोटाने दाबता येईल अशा एकाच ठिकाणी दुखणे, धावताना ते वाढणे आणि विश्रांतीने कमी होणे ही लक्षणे होत. साध्या क्ष-किरण चित्रात सुरुवातीला हा तडा दिसत नाही, त्यामुळे चित्र निर्दोष आले म्हणून धावणे चालू ठेवणे चुकीचे ठरते. पुरेशी विश्रांती घेतल्यास हे हाड सामान्यतः पूर्ववत जुळते; दुर्लक्ष केल्यास ते पूर्ण मोडू शकते.

तपासणी

अस्थिघनता डेक्सा या कमी मात्रेच्या क्ष-किरण चाचणीने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ सालच्या व्याख्येनुसार तरुण व्यक्तींच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाणविचलन वा त्याहून कमी घनता असल्यास ती अस्थिसुषिरता मानली जाते. ही मोजपट्टी पन्नास वर्षांवरील पुरुषांनाच लागू करतात. त्याहून लहान पुरुषांची तुलना समवयस्कांशी केली जाते. भारतीयांचा शरीराचा बांधा पाश्चात्त्यांपेक्षा लहान असल्याने परकीय मापे वापरल्यास अस्थिसुषिरतेचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक दिसू शकते. हे लक्षात घेऊन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर अभ्यास करून २०१० साली भारतीय स्त्री-पुरुषांसाठी संदर्भमूल्ये प्रसिद्ध केली. उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटणे, पाठीला बाक येणे किंवा उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे या घटना घडल्यास पुरुषानेही ही तपासणी करून घेणे इष्ट असते. मोडलेले हाड बसवून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि ते इतक्या सहज का मोडले याचा शोध पुष्कळदा घेतलाच जात नाही. व्यायामाचा परिणाम पाहण्यासाठी चाचणी पुन्हा करायची झाल्यास दोन चाचण्यांमध्ये किमान एक वर्षाचे अंतर ठेवतात आणि शक्यतो त्याच यंत्रावर ती करतात, कारण दोन यंत्रांच्या मापांतील फरक वर्षभराच्या व्यायामाने झालेल्या बदलापेक्षा मोठा असू शकतो.